गजाचा वाटा

यंत्राच्या पडद्यावर माझ्या पिशवीचे पोट उघडे पडले होते. चष्म्याचे घर, औषधांचा डबा, पातळांच्या घड्या आणि त्यांच्या मधोमध उभी बाटली. तिच्यातला द्रव त्या पडद्यावर नारिंगी दिसत होता, जणू आत कोणी दिवा लावून ठेवला असावा. पडद्यासमोरच्या गणवेशातल्या मुलीने पट्टा थांबवला. मुंबई बंदराच्या त्या थंडगार दालनात आमचे सारे वऱ्हाड चाकांच्या बॅगा घेऊन माझ्यामागे उभे होते.

“आजी, ही पिशवी तुमची?”

“माझीच.”

तिने बाटली बाहेर काढली, बुचाच्या जागी बसवलेला कापडाचा बोळा नाकाजवळ नेला आणि मान झटकन मागे घेतली. “हे काय आहे?”

“मोहाची दारू,” मी म्हटले. आवाज खाली आणण्याचे मला कारण दिसले नाही.

“वाइन असती तर चालली असती. माणशी एक बाटली नेता येते. पण सीलबंद पाहिजे, लेबल पाहिजे. ही नाही नेता येणार. तुम्ही घेता का हे?”

“मी जन्मात थेंब घेतलेला नाही. माझ्या दिराची आहे ती.”

“मग त्यांना पुढे बोलवा ना.”

“इथेच आहे तो.”

मुलीने माझ्या उजवीकडे पाहिले, मग डावीकडे. डाव्या बाजूला मी एका माणसापुरती जागा सोडून उभी होते आणि तेवढ्या गर्दीतही ती जागा कोणी भरली नव्हती. माझा मुलगा योगेंद्र लगबगीने पुढे आला. “मॅडम, माझे काका ते. वारलेत. मी जन्मायच्या आधीच वारलेत. आमच्याकडे लग्नात एक पद्धत असते...” मुलीच्या ओठांवर आलेले हसू तिथेच विरले. तिने बाटलीवरचा हात काढला, मग कर्तव्याची आठवण होऊन पुन्हा ठेवला. मानेला कागदाची चिठ्ठी बांधून तिने ती मागच्या फळीवर नेऊन ठेवली. तिथे कोणाची इस्त्री होती, कोणाची किटली होती, आणखी कोणाकोणाच्या बाटल्या होत्या. “परत येताना मिळेल, आजी. मी नीट ठेवते,” असे ती म्हणाली. सुनिता, माझी सून, जमिनीकडे पाहात होती. तिच्या आणि योगेंद्रच्या बॅगांतल्या नाशिकच्या वाइनच्या बाटल्या कोणत्याही प्रश्नाशिवाय पुढे सरकल्या होत्या. त्यांना लेबल होते. मी जहाजाचा जिना चढले. मागे वळून पाहिले नाही. आवतण देणाऱ्याने वळून पाहायचे नसते. ज्याला आवतण दिले तो येतच असतो.

आमच्या घराची ही रीत माझ्या सासूबाईंनी माझ्या हाती दिली आणि मी ती कधी सैल पडू दिली नाही. घरातला जो पुरुष लग्नावाचून गेला, त्याला घरच्या प्रत्येक लग्नात पहिला वाटा. नवऱ्यामुलाला हळद लागण्याआधी घरातल्या वडील बाईने गावच्या शिवेवर जायचे, सुपारी आणि अक्षता ठेवायच्या आणि त्याला नावाने बोलवायचे. त्या क्षणापासून तो तिच्या मागोमाग चालू लागतो. त्याच्यासाठी शेजारी जागा मोकळी ठेवायची. मग मांडवाच्या खांबाशी उघड्या मातीवर मोहाची धार सोडायची. मेलेल्या माणसाला ओठ नसतात, तो मातीच्या तोंडाने पितो. प्यायला की निवतो आणि लग्न सुखरूप पार पडते. योगेंद्रच्या लग्नात मी हे केले. पुतण्यांच्या आणि भाच्यांच्या लग्नांत मी हे केले. खालापूरच्या कचेरीत साहेब उठून मला खुर्ची देत असत, गावच्या बैठकीत माझ्या शब्दापुढे कोणी शब्द ठेवत नसे. पण शिवेवर त्या सुपारीसमोर वाकताना मी अजूनही त्या घरात नुकतीच आलेली सून असे. माझा नातू स्वराज याने जेव्हा सांगितले की लग्न समुद्रावर, जहाजात करायचे आहे, तेव्हा मी एवढेच म्हटले, लग्न कुठेही करा, वाटा मात्र आधी.

स्वराजने मोबाइलवरून जहाजाचे नियम मला वाचून दाखवले होते, हे मी नाकारत नाही. माणशी वाइनची एक बाटली, आणि जहाजावर ती उघडायची तर बूच काढण्याचे शुल्क वेगळे. “आजी, काकाआजोबांसाठी खालापूरहून चांगली रेड वाइन घेऊ. नाहीतर असं करू, वाइनच्या रिकाम्या बाटलीत मोहाची भरू. झाकण मी असं बसवतो की कुणाला कळायचं नाही.” मी म्हटले, “माझ्या घरातला माणूस लग्नाला चोरून जायचा नाही.” तो हसला आणि म्हणाला, “बरं, मग उघडपणे जाऊ दे. पण तुला अडवतील.” मला कोण अडवणार, असे मी मनात म्हटले. आज त्या मनाकडे पाहताना मला त्याची कीव येत नाही, केवळ आश्चर्य वाटते. कर्जत आणि खालापूर या दोन गावांमधल्या रस्त्यावर माझा शब्द इतकी वर्षे चालला होता की रस्त्याला अंत असतो, हे मी विसरले होते.

मोहाची येते ती माझ्या माहेराकडून. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, डोंगराच्या पायाशी ठाकरांची वाडी आहे. तिथली चिंधी, आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी, मुलाच्या टेंपोतून स्वतः बाटली घेऊन आली. पूर्वी तिची सासू गौराबाई आणीत असे. चिंधी आमच्या ओटीवर पाय पसरून बसली, चहा बशीत ओतला आणि म्हणाली, “मोतीबाय, बोटीवर म्हनं लगीन हाय? मांडवाचा खांब कुटं रोवशील? पान्यात?”

“तुला काय करायचंय? तू चहा पी.”

“मी पिते गं. पन तुझा तो घोड्यावाला बोटीत चढंल का? घोडा घेऊन?” ती तोंडावर पदर धरून हसत राहिली. “उलट्या करंल बग. मंग माज्या दारूला नाव ठिवशील.”

“चिंधे, जास्त बोलू नको.”

“आता न्हाय बोलत. पन कोरडा नको ठिऊ त्याला,” ती म्हणाली आणि हसू एकदम थांबवून तिने बाटली दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. “बोलावलंस तर पाज. न्हायतर बोलावू नको.”

मी बोलावले होते. पहाटेचे धुके पाताळगंगेवरून उठून शेतांत पसरले होते. शिवेवर, शेताच्या बांधाच्या कडेला मी सुपारी ठेवली आणि म्हटले, गजा, घरात लग्न आहे, चल. मग गाडीत बसले. माझ्या शेजारच्या आसनावर कोणीतरी कपड्यांची पिशवी टाकली होती, ती मी उचलून पुढे दिली. टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. खिडकीतून ऊन त्या मोकळ्या आसनावर पडले होते आणि त्या उन्हात धूळ अशी फिरत होती की कोणी नुकतेच बसून पाय आखडून घेतले असावेत. मला बरे वाटत होते. हे सांगायला संकोच वाटत नाही की लग्नघाईच्या त्या दिवसांत मला नातवापेक्षा त्या शेजारच्या जागेची अधिक सोबत वाटे. घरात माझ्या बरोबरीचे कोणी उरलेले नाही. माझे यजमान गेले, जावा गेल्या. मी सतरा वर्षांची असताना मला पाहिलेला असा तोच एक.

आणि आता तो बोलावलेला, निघालेला, माझ्यामागे जहाजाच्या जिन्यावर चढलेला, आणि त्याची बाटली खाली फळीवर, इस्त्री आणि किटलीच्या मध्ये. जहाज सुटले तेव्हा सर्वजण कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. मी खोलीत बसून होते. त्या खोलीच्या जमिनीवर गालिचा होता, भिंती गुळगुळीत होत्या, खिडकी न उघडणारी होती. योगेंद्र आला, त्याच्या हातात त्याची वाइन होती. “आई, ही घे. चांगली आहे. द्राक्षांचीच तर आहे, आपल्याच मातीतली. काकांना चालेल.”

“आणि घालू कुठे? गालिच्यावर?”

त्याने इकडे तिकडे पाहिले. मग मला हाताला धरून तो बाहेरच्या रुंद दालनात घेऊन गेला. तिथे एका मोठ्या कुंडीत केळीसारखे झाड होते. “इथे घाल. कोणी बघत नाहीये.” मी कुंडीत बोटे घातली. पांढरे खडे होते, त्यांच्याखाली कडक फेस होता. झाडाचे पान मी दोन बोटांत धरले; ते प्लास्टिकचे होते. मी दुसरी कुंडी पाहिली, तिसरी पाहिली. माझा मुलगा वाइनची बाटली काखेत धरून माझ्यामागून चालत होता, आणि त्याच्याही मागे आणखी एक चालणे मला ऐकू येत होते, अनवाणी, गालिच्यावरही ऐकू येणारे. एवढ्या मोठ्या जहाजात, जिथे पोहण्याचा तलाव होता, नाटकगृह होते, जिथे माणसे सकाळपासून पीत होती, तिथे मूठभर माती नव्हती.

“समुद्रात टाक मग,” योगेंद्र म्हणाला. तो थकला होता.

“समुद्र कोणाचे काही पोचवत नाही. तो स्वतःच पितो.”

“आई, जहाज आपल्या मालकीचं नाही गं. हळद उद्या सकाळी ठरलीये. पाहुणे आलेत. तू आता लग्न थांबवणार आहेस का?”

मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो मला घाबरत होता, जसा लहानपणी घाबरत असे. थांबव म्हटले असते तर त्याने थांबवले असते. नवरीच्या, ऋतिकेच्या आईवडिलांनी शेलूच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातून किती हौसेने सामान बांधून आणले होते, ते मी सकाळी पाहिले होते. मी म्हटले, “हळद होऊ दे. माझ्याशेजारी एक खुर्ची मोकळी ठेव.”

हळद जहाजाच्या वरच्या मजल्यावर झाली. ऊन पांढरे होते, समुद्र त्याहून पांढरा. पाटावर स्वराज बसला होता, ढोलकीचा आवाज कुठल्याशा पेटीतून येत होता, बायका नाचत होत्या. मी कडेला बसले होते. मोकळी खुर्ची माझ्या डाव्या हाताशी होती. एक वाढपी मुलगा आला आणि त्याने हिंदीत अदबीने विचारले, माँजी, ही खुर्ची घेऊ का? मी म्हटले, “बैठे हैं.” त्याने खुर्चीकडे पाहिले, मान लववली आणि तो उलट्या पावली गेला. समोर काचेचे मोठे दार होते, त्याच्या आत अंधारा दिवाणखाना, त्यामुळे काचेत बाहेरचे सगळे दिसत होते. पिवळे झालेले हात, उडणारे पदर, त्यांच्या मागे समुद्राची रेघ. मी स्वतःला पाहिले, ताठ बसलेली, नथ घातलेली. आणि माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत तो बसलेला होता.

मला भीती वाटली नाही. इतक्या वर्षांत तो असा दिसला नव्हता, केवळ असण्यातून कळत असे. पण दिसला तेव्हा मला वाटले की हेही रीतीतच बसते, तहानलेला माणूस दिसू लागतो. तो हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून बसला होता. नजर सरळ समोर. छाती भरलेली. मिशी जाड, टोके वर वळवलेली. मी काचेतूनच त्याला म्हटले, थांब थोडा, देईन. स्वराजच्या गालाला हळद लागली, सगळे ओरडले, आणि मी काचेकडे पुन्हा पाहिले. मिशी. गजाला मिशी नव्हती.

गजाला मिशी कधी फुटलीच नाही. बाविसाव्या वर्षीही त्याचा ओठ कोरा होता. त्याचे थोरले भाऊ, माझे यजमान, त्याला चिडवत, अरे, तुला नवरी दाखवायची की नवरा? आणि तो चिडून दुसऱ्या दिवशी ओठावर काजळ लावून ओटीवर येऊन बसला होता, ते मला आठवते. सासूबाईंचे हसून डोळ्यांत आलेले पाणी आठवते. मग काजळाखालचा ओठ आठवायला गेले आणि तिथे काहीच नव्हते. मी डोळे मिटले. त्याची मान आठवली, पाठमोरी, खळ्याकडे जाताना, मानेवर उन्हाने पडलेल्या बारीक सुरकुत्या. हात आठवले, वालाच्या शेंगा भाजलेले पोपटीचे मडके फोडताना वाफेतून शेंगा वेचणारे, भांबुर्डीच्या पाल्याचा वास लागलेले. वहिनी, ही घ्या, ही चांगली शिजलीय, असे तो म्हणे. आवाज आला, शब्द नेमके आले. पण ज्या तोंडातून आवाज आला तिथे पुन्हा मिशी होती. एखाद्या कोऱ्या भिंतीवर कोणी आधीच चित्र लावून ठेवावे, तसे मी जिथे जिथे त्याचा चेहरा शोधायला गेले, तिथे तो भरदार, ताठ, परका पुरुष येऊन बसलेला होता. रात्री मण्यार चावून तो गेला, त्या सकाळी खळ्यावर झोपलेल्या गजाला उठवायला गेले ती मीच. मी त्याच्या तोंडावरची चादर काढली होती. ती चादर मला आठवते, निळ्या काठाची. चादरीखाली तो मिशीवाला निजला होता.

तो कुठून आला हे मला ठाऊक होते. गजा गेला त्याच्या वर्षश्राद्धाला मामंजी आणि सासूबाई कर्जतच्या बाजारातल्या सोनाराकडे गेले आणि त्याचा चांदीचा टाक करून आणला, देवघरात बसवायला. सोनाराकडे ठसा एकच असतो. त्यावर चांदीचा पत्रा ठोकला की घोड्यावर बसलेला वीर उमटतो, हातात तलवार, मिशी वर वळवलेली. तालुक्यातल्या साऱ्या घरांतले लग्नावाचून गेलेले मुलगे त्याच घोड्यावर बसलेले आहेत. सासूबाईंनी टाक तळहातावर घेतला, अंगठ्याने त्याचे तोंड पुसले आणि “माझा गजा” म्हणून रडल्या. मी जवळ उभी होते. “आई, मिशी?” मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटले, “देवाला मिशी असते गं.” ते मला पटले. इतके पटले की पुढे रोज सकाळी त्या टाकाला आंघोळ घालताना, गंध लावताना, माझ्या बोटाखाली ती चांदीची मिशी झिजून गुळगुळीत होत गेली आणि तिच्याखालचा कोरा ओठही झिजत गेला. गजाचे चित्र आमच्याकडे कधी नव्हते. माझ्या लग्नातल्या एका फोटोत तो कडेला आहे, पण ऊन लागले म्हणून त्याने तोंडासमोर हात धरलेला.

ढोलकी वाजत होती. मी काचेत पाहणे टाळले. उठून खोलीत गेले आणि स्वराजला बोलावून घेतले; तो हळदीने माखलेल्या हातांनीच आला. “मला चिंधीशी बोलायचंय. तिच्या मुलाला लाव.” त्याने जहाजाच्या इंटरनेटवरून किशोरला लावून दिले. किशोर टेंपोत माल भरत होता. तो कुरकुरत वाडीवर गेला, आणि बऱ्याच वेळाने चिंधीचा आवाज आला, फार मोठा, कारण तिला वाटत होते की समुद्रापर्यंत ओरडावे लागते.

“मोतीबाय! बुडालीस का गं?”

“नाही बुडाले. चिंधे, एक विचारते, नीट सांग. गजाला मिशी होती का?”

“कोन गजा?”

“आमचा. माझा दीर.”

“हां, तो घोड्यावाला. हाय की! चांगली झुपकेदार हाय. का गं? काय मागत हाय का तो?”

“तू त्याला पाहिलं होतंस? जिवंत?”

“मी कवा बगनार? माजं लगीन मागनं झालं. सासू सांगायची त्याच्या गोष्टी. पन देव्हाऱ्यात बगते की दर लग्नाला.” मग तिचा आवाज खाली आला. “पाजलीस न्हाय का त्याला?”

“नाही अजून.”

वाडीवर कोंबडा आरवला, तो मला समुद्रावर ऐकू आला. “मंग तुला वळकू येत नसंल,” ती म्हणाली. “तहानेनं मानूस बदलतो.” आणि संपर्क तुटला.

त्यानंतर लग्न झाले. ऋतिका सुंदर दिसत होती, अक्षता पडल्या, मी आशीर्वाद दिला. जेवणाच्या टेबलावर वाइनची बाटली उघडली गेली, योगेंद्र आणि त्याचे व्याही एकमेकांना ग्लास देत होते, आणि माझ्या मागे तो उभा होता. आता मला त्याचे असणे सोबतीचे वाटत नव्हते. मी विचार करीत होते की इतक्या लग्नांत मी ज्याला बोलावले तो कोण होता. मी हाक मारली गजाला. शिवेवर, धुक्यात, गजा आला असेल का, आणि ह्या दांडग्याने त्याला बाजूला सारून सुपारी उचलली असेल का? की गजा पहिल्याच वर्षी येऊन, आपल्या नावाने दुसऱ्याला प्यायला दिलेले पाहून, पाठमोरा निघून गेला? योगेंद्रच्या लग्नात मी धार सोडली तेव्हा माती फार भरभर प्यायली होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, बघ, किती तहानला होता. मी स्वतःशी गजाचे नाव पुन्हा पुन्हा घेतले, चेहरा येईल म्हणून. मान येत होती, हात येत होते, एकदा तर हसताना हलणारे खांदे आले. तोंड आले नाही. जगात दुसरे कोणी नव्हते ज्याला मी विचारू शकले असते. त्याला ओळखणारी मी एकटी उरले होते आणि मीच त्याला ओळखत नव्हते.

परतीच्या सकाळी त्याच मुलीने फळीवरून बाटली काढून दिली. “आजी, तुमच्या दिरांची,” ती म्हणाली, आणि या वेळी ती हसली नाही. माझ्या मागे, डाव्या बाजूला तिने क्षणभर पाहिले आणि बाजूला होऊन वाट दिली. एका माणसाला लागते त्याहून थोडी जास्त वाट. मी चिठ्ठी तोडून टाकली आणि बाटली मांडीवर घेऊन गाडीत बसले.

नवी जोडी आमच्याच गाडीत होती. शीव, पनवेल मागे पडले. डोंगर दिसू लागले. टोलनाका ओलांडून खालापूरला उतरलो तेव्हा मी योगेंद्रला गाडी थांबवायला सांगितले. “घरी जाऊन कर ना, आई. आता दहा मिनिटांवर तर आलंय.” मी म्हटले, “इथेच.” घरी देवघर होते, देवघरात टाक होता, आणि त्या टाकासमोर मला हे करायचे नव्हते. रस्त्याच्या कडेला एक करंजाचे झाड होते, त्याच्या बुंध्याशी उघडी माती. समोर एसटी उभी होती, चहाच्या टपरीवर कचेरीतली कामे घेऊन आलेली माणसे उभी होती. त्यांतल्या एकाने मला ओळखून नमस्कार केला. ऋतिका माझ्यामागोमाग उतरली. तिने माझा कोपर धरला. तिच्या हातांवरची मेंदी अजून ओली असल्यासारखी गडद होती.

“आजी, मीही शिकून घेते,” ती म्हणाली. “पुढे मलाच करावं लागेल ना? सगळं नीट सांगा.”

मी तिला सांगितले. सुपारी, अक्षता, शेजारची जागा, मोहाची धार, मातीचे तोंड. ती मन लावून ऐकत होती. ही मुलगी चेष्टा करणाऱ्यांतली नव्हे, हे मला त्या क्षणी कळले, आणि त्याचा आनंद होण्याऐवजी मला थंडी वाजली.

“आणि ते दिसायला कसे होते? म्हणजे मी बोलवीन तेव्हा डोळ्यांसमोर कोणाला आणू?”

तो झाडापलीकडे उभा होता. ऊन त्याच्या आरपार जात नव्हते. हात मागे बांधलेले, मान ताठ, नजर बाटलीवर. एखादा पाहुणा यजमानांना घाई न करता जसा उभा राहतो तसा. मी तिला खरे सांगू शकत होते. एक पाठमोरी मान, वाफेतले दोन हात, ओठावरचे काजळ, चेहरा नाही. पण चेहरा नसलेल्याला बोलावणार कसे? उद्या तिच्या मुलाच्या लग्नात ही पोर शिवेवर वाकेल आणि तिच्यासमोर धुके असेल, आणि धुक्यातून कोणीही येईल. निदान हा तरी ठाऊक असलेला होता. आमच्या घरची सगळी लग्ने त्याने पाहिली होती, आमच्या घरचे मीठ नव्हे, पण मोह त्याच्या पोटात होता. गजाला मी मनात हाक मारली, शेवटची संधी म्हणून. एसटीचा दरवाजा आपटला. टपरीवर कोणीतरी हसले. दुसरे काही झाले नाही.

“मिशी होती,” मी म्हटले. “जाड, टोके वर वळवलेली. छाती भरलेली. ताठ चालायचे.”

“बाबा दिसतात तसे?” तिने गाडीतल्या योगेंद्रकडे पाहिले.

“नाही. घरात दुसऱ्या कोणासारखे नाही.”

“मिशी,” तिने स्वतःशी म्हटले, पाठ केल्यासारखे. मग तिने बोळा काढला आणि माझ्या हाताखाली हात धरला, कारण बाटली मला एकटीला तोलवत नव्हती. मोहाचा गोडसर, आंबूस वास उठला. मातीवर धार पडली. “घे, गजा,” मी म्हटले, आणि माझ्यामागून ऋतिकाही म्हणाली, “घ्या, गजाआजोबा.” तो पुढे आला, एका हाताने धोतर सावरून ऋतिकाच्या पायांशी वाकला, आणि पिऊन झाल्यावर त्याने मिशी पुसली.